नाशिकची सिटी बस किती कार्बन वाचवते? हिशेब मांडून पाहू

एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते गाडीत जळलं की त्यातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसं निघेल, असं कोणालाही वाटेल. याचं उत्तर शाळेतल्या रसायनशास्त्रात आहे. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. कार्बनच्या अणूचं वजन १२, त्याला जोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या दोन अणूंचं मिळून ३२, आणि तयार होणाऱ्या रेणूचं ४४. म्हणजे इंधनातल्या दर किलो कार्बनमागे हवेत साडेतीन किलोंहून जास्त वायू जातो.

डिझेलचा आकडा लिटरमागे सुमारे २.७ किलो आहे आणि सीएनजीचा किलोमागे सुमारे २.७ किलो. हे तीन आकडे आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज एवढं माहीत असलं की सार्वजनिक वाहतुकीने कार्बन किती वाचतो, हा प्रश्न कोणालाही घरी बसून सोडवता येतो. मी तो नाशिकसाठी सोडवून दाखवणार आहे, कारण आपल्या शहरात त्याचं उत्तर मुंबईपेक्षा थोडं वेगळं येतं आणि त्यावर आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही.

त्याआधी एक गल्लत दूर करू. धूर वेगळा आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा. पीयूसी काढताना नळी लावून जे तपासतात ते विषारी वायू आणि धूर. बीएस-६ गाड्या एप्रिल २०२० पासून आल्या, त्यांनी हेच कमी केलं. कार्बन डायऑक्साइड मात्र इंधन जळण्याचाच भाग आहे, तो गाळून काढणारी जाळी गाडीत नसते. तो दिसत नाही, त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. कोरी करकरीत, पीयूसी पास झालेली गाडीसुद्धा लिटरमागे तेवढाच कार्बन सोडते. केंद्र सरकारचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या यादीत नाशिक आहे. पण त्या कार्यक्रमाचा रोख हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांवर आहे. धूलिकण पाऊस पडला की खाली बसतात. कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग शेकडो वर्षं वर राहतो. आज नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत गाडी चालू ठेवून जाळलेलं पेट्रोल आपल्या पणतवंडांच्या उन्हाळ्यातही मोजलं जाणार आहे.

माणशी हिशेब

आता मुख्य गणित. गाडी किलोमीटरमागे किती कार्बन सोडते, हा अर्धाच प्रश्न आहे. त्या किलोमीटरमध्ये किती माणसं पुढे सरकली, हा उरलेला अर्धा.

पेट्रोलची मध्यम कार शहरात लिटरला १५ किलोमीटर देते असं धरू. किलोमीटरमागे सुमारे १५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. कॉलेज रोडला संध्याकाळी सिग्नलवर थांबलेल्या कार नीट पाहा, बहुतेकींमध्ये एकच माणूस असतो. म्हणजे माणशी १५० ग्रॅम.

स्कूटर किंवा मोटरसायकल शहरात लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरू. किलोमीटरमागे ५० ग्रॅमच्या आसपास. मागे कोणी बसलं तर माणशी २५.

सीएनजीवर चालणारी मोठी सिटी बस किलोला साडेतीन किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे किलोमीटरमागे साधारण ८०० ग्रॅम. आकडा मोठा दिसतो, कारण बसही मोठी आहे. त्यात ४० माणसं असली तर माणशी २० ग्रॅम. ६० माणसं असली, म्हणजे सकाळी निमाणीहून सुटणाऱ्या बसमध्ये असते तशी दाटी असली, तर १३-१४ ग्रॅम. कारच्या तुलनेत अकरा पट कमी.

पण त्याच बसमध्ये फक्त आठ माणसं असली तर? माणशी १०० ग्रॅम. म्हणजे ती आठही माणसं आपापल्या स्कूटरवर गेली असती तर कार्बन निम्मा झाला असता.

हा मुद्दा सहसा झाकून ठेवला जातो, आणि मला वाटतं तो झाकून ठेवण्यात बसचंच नुकसान आहे. ज्या देशांत लोक बस सोडून कारने जातात, तिथे बसमध्ये सहा माणसं बसली तरी बस जिंकते. नाशिक हे टू-व्हीलरचं शहर आहे. आपल्याकडे बसची स्पर्धा मुख्यतः एमएच १५ च्या स्कूटरशी आहे, आणि ती किलोमीटरला ५० ग्रॅमच सोडते. म्हणून इथे बसमध्ये सरासरी सोळा-सतरा माणसं असली की कुठे बरोबरी होते, आणि त्यापुढच्या प्रत्येक प्रवाशागणिक फायदा सुरू होतो. अ‍ॅव्हरेजचे आकडे बस जुनी की नवी, चढ किती, सिग्नल किती यानुसार थोडे इकडेतिकडे होतील, पण गणिताची दिशा बदलणार नाही.

तुम्ही प्रवासी असाल तर मात्र हिशेब याहून सोपा आहे. बस वेळापत्रकाप्रमाणे धावणारच आहे. तिच्यातली एक रिकामी सीट तुम्ही भरलीत म्हणून ती जास्तीचा गॅस जवळजवळ जाळत नाही. साठ-सत्तर किलोचा माणूस दहा-बारा टनांच्या बसला जाणवतही नाही. नाशिकरोडहून सातपूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या माणसाचा प्रवास जाऊन-येऊन साधारण ३० किलोमीटर होतो. महिन्याला २५ दिवस धरले तर वर्षाचे ९,००० किलोमीटर. स्कूटरला २०० लिटर पेट्रोल, म्हणजे ४६० किलो कार्बन डायऑक्साइड. कारला ६०० लिटर, म्हणजे सुमारे १,४०० किलो. त्याने गाडी घरी ठेवून धावत्या बसमध्ये बसायचं ठरवलं, तर हा जवळजवळ सगळाच्या सगळा वाचतो.

म्हणजे प्रवाशाच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक भरलेली सीट हा निव्वळ फायदा, आणि बस चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर सीट भरतील अशी बस चालवणं हेच खरं काम. दुसरं पहिल्याइतकं सोपं नाही.

सीट भरत का नाहीत

शहर बस आधी एसटी महामंडळ चालवायचं. ८ जुलै २०२१ रोजी महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली. सुरुवातीचं नियोजन २५० बसचं होतं, त्यातल्या २०० सीएनजीच्या आणि ५० डिझेलच्या. शहराच्या हद्दीबाहेर त्र्यंबक, सिन्नर, ओझरपर्यंत या बस जातात.

२५० हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येला धरूनसुद्धा लाखामागे १७ बस. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा मानकांत लाखामागे ६० बस असल्या तर पहिली पायरी मिळते आणि २० पेक्षा कमी असल्या तर शेवटची. गेल्या चौदा-पंधरा वर्षांत पाथर्डी फाट्याच्या पुढे, म्हसरूळकडे, आडगावच्या बाजूला केवढ्या वसाहती उभ्या राहिल्या ते आपण पाहतोच. म्हणजे आपण शेवटच्याच पायरीवर आहोत, आणि लोकसंख्या वाढली तसा लाखामागचा आकडा आणखी खाली गेलेला असणार.

कमी बस म्हणजे दोन बसमध्ये मोठं अंतर. माणूस स्टॉपवर येतो तो वेळापत्रक पाहून येतोच असं नाही. मधेच कधीतरी येतो. त्यामुळे २० मिनिटांनी बस असेल तर सरासरी दहा मिनिटं वाट पाहावी लागते, ४० मिनिटांनी असेल तर वीस. त्र्यंबक नाक्याच्या स्टॉपवर संध्याकाळी सहानंतर थोडा वेळ उभे राहा. लोक रस्त्याकडे एक डोळा आणि मोबाईलवर एक डोळा ठेवून असतात. पहिली दहा मिनिटं कोणी हलत नाही. मग एकजण घड्याळ पाहतो, हात करतो आणि रिक्षात बसतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा. शेवटी बस येते तेव्हा तिच्यात चढायला तिघंच उरलेले असतात. कागदावर नोंद होते ती अशी की या स्टॉपवर प्रवासी नाहीत.

इथून ते दुष्टचक्र सुरू होतं. प्रवासी नाहीत म्हणून फेरी कमी, फेरी कमी म्हणून वाट पाहणं वाढतं, म्हणून आणखी प्रवासी गळतात, आणि माणशी कार्बनचा आकडा स्कूटरच्या वर जातो. तोट्याचं कारण देऊन फेरी बंद करणारा माणूस नकळत कार्बनही वाढवत असतो.

दुपारच्या आणि रात्रीच्या रिकाम्या बसबद्दल मला वेगळं सांगायचं आहे, कारण वरचा हिशेब वाचून कोणालाही वाटेल की आठ माणसांची बस बंदच करावी. तसं करून चालत नाही. अंबड-सातपूरची दुसरी शिफ्ट रात्री अकराच्या सुमाराला सुटते. त्या वेळी सिडकोला, नाशिकरोडला जायला बस मिळेल याची खात्री नसेल, तर तो कामगार दुपारी जातानाच गाडी काढतो. क्लास सुटायला साडेआठ वाजणार असतील आणि परतीची बस आठलाच संपत असेल, तर मुलगी घरातून स्कूटीच नेते. रात्रीच्या बसमध्ये बसलेली आठ माणसं दिवसाच्या बसमधल्या कितीतरी माणसांचा भरवसा असतात. म्हणून एका फेरीचा कार्बन मोजून निकाल देऊ नये. पूर्ण मार्गाचा, पूर्ण दिवसाचा मोजावा.

न घेतलेली गाडी

सार्वजनिक वाहतुकीतून होणारी सर्वात मोठी बचत कोणत्याही तक्त्यात सहज दिसत नाही, कारण ती न घडलेल्या गोष्टीची असते. नाशिकमध्ये मुलाला किंवा मुलीला अकरावीला प्रवेश मिळाला की घरात गाडीचा विषय निघतोच. घर इंदिरानगरला आणि कॉलेज गंगापूर रोडला असेल तर आईवडील बसचं पाहतात. सरळ बस आहे का, एक बदलावी लागते का, वेळ कळते का. जमत असलं तर पास काढला जातो. जमत नसलं तर दोन वर्षं कोणाच्या तरी मागे बसून जाणं, आणि अठरा पूर्ण होताच लायसन आणि गाडी.

एकदा गाडी दारात उभी राहिली की सगळं गणित बदलतं. हप्ता आणि विमा दोन्ही भरलेलं आहे, मग प्रत्येक फेरीचा खर्च म्हणून फक्त पेट्रोल डोळ्यांसमोर येतं, आणि ते बसच्या तिकिटाएवढंच किंवा कमी वाटतं. दूध आणायलाही गाडी निघते. ती गाडी दहा-पंधरा वर्षं चालते. म्हणजे जुलैमधल्या त्या एका आठवड्यात बस वेळेवर आली की नाही, यावर पुढच्या दशकभराचा कार्बन ठरतो. महापालिकेने विद्यार्थी पासकडे सवलतीचा खर्च म्हणून पाहू नये, असं मला मनापासून वाटतं. वातावरणासाठी याहून स्वस्त गुंतवणूक शहराकडे दुसरी नाही.

रिक्षांचंही इथेच सांगतो. शालीमारहून, द्वारकेहून सीट भरून निघणारी शेअर रिक्षा ही सार्वजनिक वाहतूकच आहे. सीएनजीची रिक्षा किलोला तीसएक किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ९० ग्रॅम. तीन प्रवासी असतील तर माणशी ३० ग्रॅम, स्कूटरपेक्षा चांगलं आणि बऱ्यापैकी भरलेल्या बसच्या जवळपास. बस मुख्य रस्त्यावर आणि शेअर रिक्षा कॉलनीपासून स्टॉपपर्यंत, अशी वाटणी झाली तर दोघांच्याही सीट भरतात. आज दोघं एकाच रस्त्यावर एकाच प्रवाशासाठी धावतात.

इलेक्ट्रिक बस आणि एकलहरे

आता तो प्रश्न जो सगळे विचारतात: इलेक्ट्रिक बस आली की झालं ना? केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली, देशभरात १०,००० बससाठी, आणि त्यात नाशिकलाही बस मंजूर झाल्या. त्या याव्यात, लवकर याव्यात. पण त्यांच्याकडून काय मिळेल ते नीट समजून घेऊ.

मोठी इलेक्ट्रिक बस किलोमीटरला एक ते सव्वा युनिट वीज खाते. भारतात एक युनिट वीज तयार करताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण आपली ७० ते ७५ टक्के वीज अजून कोळशावर होते. आपल्याला ते लांब जाऊन पाहायला नको. नाशिकरोडजवळ एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आहे, २१० मेगावॅटचे तीन संच असलेलं; त्याच्या चिमण्या दूरवरून दिसतात. गुणाकार केला तर इलेक्ट्रिक बसचा आकडा किलोमीटरमागे ७०० ते ९०० ग्रॅम येतो. म्हणजे आजच्या घडीला सीएनजी बसएवढाच.

मग घ्यायची कशाला? दोन कारणांसाठी. एक, बसच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात काही जात नाही, आवाजही कमी. दुसरं कारण कार्बनच्या दृष्टीने मोठं आहे. सीएनजीची बस आयुष्यभर किलोला २.७ किलोच सोडणार. विजेवरची बस मात्र सौर आणि पवन वीज वाढत जाईल तशी दरवर्षी आपोआप स्वच्छ होत जाते, बसला हातही न लावता. डेपोच्या छपरावर पॅनल टाकून बस दुपारी चार्ज केली तर तो फायदा आजपासूनच थोडाफार मिळतो. पण रिकामी इलेक्ट्रिक बस आणि रिकामी सीएनजी बस यांच्यात आज कार्बनचा फारसा फरक नाही. आधी फेऱ्या, मग इंधन, असा क्रम मी लावेन.

रेल्वेत हे गणित किती पुढे गेलंय ते आपल्याच घाटात दिसतं. नाशिकहून मुंबईला कारने गेलं तर एका बाजूला बारा लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, म्हणजे २७-२८ किलो कार्बन डायऑक्साइड. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस हजारावर माणसं विजेवर घेऊन जाते आणि पोलादी चाक पोलादी रुळावर घरंगळत असल्याने घर्षणही फार कमी. कसाऱ्याचा चढ ३७ फुटांना एक फूट असा तीव्र आहे, गाड्यांना मागून बँकर इंजिन लावावं लागतं. तोच घाट उतरताना नवी इलेक्ट्रिक इंजिनं मोटरी उलट्या वापरून ब्रेक लावतात आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत देतात. घाट उतरणारी कार तीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात घालवते.

मेट्रो निओबद्दल थोडक्यात. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. रबरी टायरची, वरच्या तारेवरून वीज घेणारी लांब बस असं तिचं स्वरूप आहे. कल्पना चांगली होती, शहराच्या आकाराला शोभणारी. पण उन्नत मार्गाचे खांब म्हणजे सिमेंट आणि पोलाद, आणि त्या दोन्हींच्या निर्मितीत कार्बन आधीच खर्च होतो; तो फेडायला गाड्या वर्षानुवर्षं भरून धावाव्या लागतात. तोवर तोच प्रवासी साध्या बसच्या स्टॉपवर उभा आहे. नाशिकरोड ते द्वारका या रस्त्यावर गर्दीच्या वेळी बसला स्वतंत्र वाट मिळाली तरी फेरीचा वेळ घटेल, तेवढ्याच बस आणि तेवढेच ड्रायव्हर जास्त फेऱ्या करतील, आणि उभ्या जागी जळणारा गॅसही वाचेल. त्याला रंग, खांब आणि वाहतूक पोलीस लागतात. हजार कोटी लागत नाहीत.

आणि हे नाशिकला जमणारं नाही असं कोणी म्हणू नये. २०१५ च्या सिंहस्थात शहरात येणाऱ्या खासगी गाड्या बाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या गेल्या आणि लाखो भाविकांना एसटीच्या बसने आत आणलं गेलं. २०२७ च्या सिंहस्थातही तसंच करावं लागणार आहे. वाहनतळांची जागा, बसच्या फेऱ्या, रस्त्यावरचा बसचा अग्रक्रम, सगळं नव्याने बसवलं जाईल. मुंबई, पुणे, धुळे आणि त्र्यंबकच्या रस्त्यांवरच्या त्या वाहनतळांपैकी दोन-तीन शाही स्नानं संपल्यावर मोडू नयेत. तिथे रोज गाडी लावून पुढे बसने शहरात येता यावं, दर दहा मिनिटांनी बस मिळावी, आणि शेवटची बस दुसरी शिफ्ट सुटल्यानंतरची असावी. याची तरतूद कुंभाच्या आराखड्यातच, आता, लिहून घ्यायला हवी.